टिंगऱ्यांचं नाक आणि मैदानाच्या चार फेऱ्या

संपत टिंगरे खडकीतल्या एका सरकारी कारखान्यात बंबवाले होते. कारखान्याला आग लागली तर ती विझवायची, आणि लागत नाही तोवर अंगात विझवण्याची ताकद राखायची, हे त्यांचं काम. मी तिथेच कारकून. ते धानोरीच्या शेतकरी घरातले. उंच, रुंद खांद्यांचे. दोन माणसांनी ओढायची पाण्याची नळी ते एकटे ओढत. एवढ्या देहाला नाक मात्र भलतंच मिळालं होतं.

हे नाक नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होई आणि दिवाळी आटोपली की थांबे. शिंक एक कधीच येत नसे, पंधरा-वीस एकदम येत. डोळे लाल, घसा खवखवलेला, छातीत शिट्टी. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात मोकळ्या जागेवर कमरेएवढं गाजर गवत माजे, पुण्यात ज्याला काँग्रेस गवत म्हणतात ते. त्याला पांढरी फुलं आली की टिंगऱ्यांच्या नाकाला आधी कळे. सहकारी त्यांना शिंकोबा म्हणत. हे नाव बंबाचा ड्रायव्हर भैरू याने ठेवलं होतं. भैरूला विडीचंही व्यसन नव्हतं. लोकांना नावं ठेवणं एवढंच काय ते.

टिंगऱ्यांनी व्यायाम मात्र कधी सोडला नाही. नाकाचं वेळापत्रक त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. कोरडी, वाऱ्याची सकाळ असली की पळायचं नाही. बंबाच्या शेडमध्ये दार ओढून दंडबैठका काढायच्या, दोरीवरच्या उड्या मारायच्या, ओली नळी खांद्यावर घेऊन शिडी चढायची-उतरायची. कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. खोलीवर गेल्यावर आधी अंघोळ, मग चहा. त्यांच्या पत्नी बायडाबाई त्या दिवसांत धुणं अंगणात वाळत घालत नसत, घरातच दोऱ्या बांधत. आणि पाऊस आला की पळायचं. पावसात फुलांची पूड खाली बसते, हे त्यांना कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. भाद्रपदातली सर आली की बाकीचे लोक आडोशाला पळत, आणि टिंगरे आडोशातून निघून मैदानाकडे पळत. पहिल्या वर्षी मी त्यांना खिडकीतून पाहिलं तेव्हा डोक्यावर परिणाम झालाय असं समजलो होतो.

बंबवाल्यांची दर वर्षी चाचणी असे. मैदानाच्या चार फेऱ्या, साडेसात मिनिटांत, मध्ये न थांबता. ऑक्टोबरचा तिसरा मंगळवार. हा मुहूर्त कोणी आणि का काढला ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो अगदी काटेकोर पाळला जाई. चाचणीची वही माझ्याकडे. नाव, वेळ, हवामान, शेरा, असे रकाने. अकरा वर्षं मी ती लिहीत होतो आणि तीत एकही चुकीचा शब्द नव्हता, असं मी कोणी न विचारताही सांगत असे.

पंच्याहत्तर साली टिंगऱ्यांनी शिंका थांबवायची गोळी घेऊन चाचणी दिली. शिंका थांबल्या, पण गोळीने झोप आली. साडेआठ मिनिटं लागली. लागोपाठ दोनदा नापास झालेल्या माणसाला बंबावरून काढून गोदामात पाठवावं, असा नियम होता. म्हणजे शहात्तर साली काय होणार ते स्पष्ट होतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी टिंगऱ्यांनी अर्ज केला. 'काँग्रेस गवतामुळे मला दम लागतो, तरी माझी चाचणी जानेवारीत घ्यावी.' मी तो परत दिला.

"टिंगरे, सरकारी कारखान्यात, आणि तेही आणीबाणीच्या दिवसांत, काँग्रेसमुळे दम लागतो असं लेखी देताय? गाजर गवत लिहा."

त्यांनी निमूटपणे पुन्हा लिहून आणला. त्यावर मी 'नियमात तरतूद नाही' असा शेरा मारला आणि फाइलला लावला. अर्ज वर पाठवायलाच हवा असं काही नव्हतं. टिंगरे टेबलापुढून हलेनात.

"अनंतराव, गोदामात समदी पोती आन भुसा हाय. तिकडं मी बारा म्हैने शिंकंन."

"मग काय करू? नियम मी केलाय का?"

"तसं न्हाई. पन घंटा वाजली आन बंबावर हुबा ऱ्हायलो, की भैरूबी मला शिंकोबा म्हनत न्हाई. टिंगरे, चला, म्हनतो. येवढंच हाय माझं."

अडचणीत आलो की मी टोमणा मारतो. आमच्या सदाशिव पेठेत ही सोय फार जुनी आहे. मी म्हणालो, "अर्ज करण्यापेक्षा ते गवत उपटा. कारणच नाहीसं झालं की प्रश्न मिटला."

टिंगऱ्यांनी ते मनावर घेतलं. दोन ऑक्टोबरला कारखान्यात श्रमदान असे; एरवी त्यात फोटोपुरतं झाडलं जाई. त्या वर्षी त्यांनी भैरूला आणि शेडमधल्या सगळ्यांना गळ घातली आणि मैदानाच्या चारी बाजूंचं गवत मुळासकट उपटायला लावलं. स्वतः सर्वांत पुढे, उघड्या हातांनी. गवत ऐन फुलात होतं. संध्याकाळपर्यंत मैदान स्वच्छ झालं आणि टिंगऱ्यांचा चेहरा सुजून डोळे मिटले. हातांवर पुरळ उठलं. रात्रभर ते उशीला टेकून बसून होते, झोपलं की श्वास अडकत होता. दहा दिवस ते रजेवर होते. बायडाबाई रजेचा अर्ज घेऊन आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुमी सांगितलं म्हून उपाटलं त्यांनी."

उपटलेल्या गवताचे ढीग मैदानाच्या कडेलाच पडून होते. ते उचलायला गाडी हवी होती आणि गाडीला मंजुरी. मंजुरीचा कागद माझ्या ट्रेमध्ये होता, सतरा कागदांच्या खाली. मी क्रमाने काम करतो. तोवर ढीग वाळले आणि वारा आला की त्यांतून पूड उडू लागली. त्या दिवसांत पाऊस नावालाही नव्हता. टिंगरे कामावर आले तेव्हा नाकावर ओला पंचा बांधून शेडमध्ये बैठका काढत, आणि मधूनच दाराच्या फटीतून आभाळाकडे बघत. मला ते दिसे. मी मान खाली घालून लिहीत राही.

एकोणीस ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी सात. तीन दिवसांवर दिवाळी. आभाळ निळं, कोरडं, वारा पश्चिमेचा. आमचे अधिकारी आप्पासाहेब, फौजेतून आलेले, घड्याळ हातात धरून उभे. मी वही घेऊन शेजारी. टिंगऱ्यांचं नाव सर्वांत शेवटी होतं. ते लांब उभे राहून शिंकत होते.

त्यांची पाळी आली तेवढ्यात शेडमधून बंब बाहेर आला आणि मैदानाच्या कडेला येऊन थांबला. भैरू खाली उतरला.

"पंप तपासायचाय, साहेब."

"पंप शनिवारी तपासतात. आज मंगळवार आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय साहेब. पन आज जरा आवाज येतुय त्येचा."

आवाज कसलाही येत नव्हता. आप्पासाहेबांनी भैरूकडे पाहिलं, गवताच्या ढिगांकडे पाहिलं, टिंगऱ्यांच्या ओल्या पंच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "तपासा. पण नीट तपासा."

आधीच पळून दमलेले चार जण नळीवर धावले. फवारा उंच सोडला. ढीग भिजले, कडा भिजल्या, पळायची वाट भिजली. वारा आमच्याच बाजूचा होता. आप्पासाहेब आणि मीही भिजलो. पाच मिनिटांनी हवेला मातीचा वास आला. टिंगऱ्यांनी पंचा सोडून जमिनीवर टाकला, एक लांब श्वास घेतला आणि पळाले.

पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या गेल्या. तिसरीत दोन शिंका आल्या. पाय अडखळले पण थांबले नाहीत. भैरू नळीचं तोंड धरून त्यांच्या पुढे पुढे पाणी उडवत होता आणि ओरडत होता, "टिंगरे, चला! टिंगरे, चला!" घंटा वाजली नव्हती, आग लागली नव्हती. चौथी फेरी संपली तेव्हा टिंगरे गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि छातीतली शिट्टी मला दहा पावलांवरून ऐकू आली. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. ती आजही आहे.

"सात मिनिटं चोवीस सेकंद," आप्पासाहेब म्हणाले.

मी वेळ लिहिली. मग हवामानाचा रकाना आला. त्याच पानावर वरच्या नऊ नावांपुढे माझ्याच अक्षरात 'स्वच्छ' लिहिलेलं होतं. शेवटच्या माणसाला मैदान ओलं कसं असं उद्या कोणी विचारलं, तर वहीत त्याचं उत्तर असायला हवं होतं. पंप, भैरू, शनिवार यांतलं काहीही त्या रकान्यात लिहिता येण्यासारखं नव्हतं. कागदावर पाण्याचे थेंब पडले होते. मी 'पाऊस' लिहिलं. आप्पासाहेबांनी ते वाचलं, कपाळावरचं पाणी पुसलं आणि सही केली.

डिसेंबरात वरून विचारणा आली. एकाच मैदानावर, एकाच सकाळी, नऊ जणांना स्वच्छ हवामान आणि दहाव्याला पाऊस कसा? मी उत्तर पाठवलं: 'पाऊस स्थानिक स्वरूपाचा होता.' पुढे कोणी काही विचारलं नाही. टिंगरे त्यानंतर वीस वर्षं बंबावर राहिले.

ती नोंद खोटी आहे, आणि तिचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच कागदाचं. सत्याहत्तरच्या जानेवारीत मी टिंगऱ्यांचा ऑगस्टमधला अर्ज फाइलमधून काढला, 'नियमात तरतूद नाही' हा माझा शेरा खोडला आणि त्यांची चाचणी यापुढे जानेवारीत घ्यावी अशी टिपणी लिहून वर पाठवली. तीन सह्या लागल्या. सगळं मिळून चार दिवसांत झालं.