राहिलेला भाकरतुकडा

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळं जग सांगत होतं, घरात बसा. आणि जून लागला तसे सरपंच देवळाच्या भोंग्यावरून सांगायला लागले, घरात बसू नका. चक्रीवादळ येतंय, मळ्यातल्या पत्र्याच्या घरांनी दुपारच्या आत शाळेत यावं. आमच्या पिंपरी पेंढारपासून समुद्र कुठल्या कुठं! वादळ घाट चढून आमच्या दारात येईल, हे सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. "बसायचं का निघायचं, एकदा ठरवा की राव," असं मी चुलीपुढूनच त्या भोंग्याला सुनावलं.

भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. गोधड्या, रेशनकार्ड, जुन्या साडीचे शिवलेले मास्क एका गाठोड्यात कोंबले. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, दम्याचा पंप मी माझ्याच कमरेला खोचला, कारण त्या तो हटकून विसरायच्या. नवऱ्यानं पत्र्यांवर मातीच्या गोण्या चढवल्या, कांदा साठवायच्या बराखीवर ताडपत्री आवळली आणि गाईचं दावं सोडून दिलं.

मला वाऱ्याची भीती नव्हतीच. माझा दीर मुंबईच्या भाजी मार्केटात कामाला. तो आदल्याच दिवशी गावी आला होता, आणि मुंबईहून आलेल्याला घरी न जाता आधी शाळेत राहावं लागे. त्याच शाळेच्या शेवटच्या खोलीत तो एकटा होता. आत्यांना डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, ही बाधा झाली तर तुमची छाती तग धरायची नाही. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

आम्हाला पहिली खोली मिळाली, मधली मोकळी ठेवली होती. फरशीवर घरटी एक खडूचं रिंगण आखलं होतं. पण माणसं मास्क हनुवटीला अडकवून एकाच तांब्यानं पाणी पीत होती. मी हटकलं, तर एक म्हातारा म्हणाला, "वरून पितोय की, तोंड कुठं लावलंय?" त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारनंतर वारं सुटलं. पावसाचा आवाज आम्हाला ओळखीचा, हा नव्हता. एखादी बाई दात आवळून रडावी, तसा तो कौलांखालून यायचा. मग पलीकडच्या टोकाची कौलं फुटायला लागली, आणि आत्या उठल्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

मला लगेच कळलं. आमच्याकडं दुरून आलेल्या माणसाला तसंच आत घेत नाहीत. दारात त्याच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मग त्यानं आत यायचं. वाटेत काही मागं लागलं असेल, तर ते बाहेरच राहतं. दिराचं ते राहिलं होतं.

मी दाराला पाठ लावून बसले.

"सर गं," आत्या म्हणाल्या. "बाहेरनंच ओवाळते. हात न्हाई लावत."

"न्हाई जायचं, आत्या."

"लेकरू येवढ्या लांबनं आलं, त्याच्यावरनं कुणी तुकडा टाकला न्हाई. आन आता हे असलं वारं. सर."

नवरा खिडकीची फळी दाबून उभा होता. त्यानं मान वळवली नाही. आई एकीकडं, भाऊ एकीकडं. आत्यांनी मला ढकलून पाहिलं. त्यांच्या अंगात बळ ते कितीसं! छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, तसा मी पंप त्यांच्या तोंडाला लावला आणि म्हणाले, "उद्या वारं पडलं की टाका. पळून चाललेत का भाऊजी?"

वारं पडलं. सकाळी आम्ही नवराबायको मळ्यात आलो. बराखी आडवी झाली होती, पत्रे शेजाऱ्याच्या उसात पडले होते. तिकडं शाळेत आत्या तुकडा घेऊन शेवटच्या खोलीकडं गेल्या, तर दार सताड उघडं. दिराला तापानं घेरलं म्हणून पहाटेच गाडीनं जुन्नरला नेलं होतं. तिथून पुण्याला. पुण्याहून फोन आला तेव्हा नवरा तिकडं धावला. त्याला लांबून नुसती भावाची चिता दाखवली.

मी बरोबरच केलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दाराला पाठ लावीन. गावही तेच म्हणतं, सुनेनं सासूला वाचवलं. तरी वारं सुटलं की माझ्या पाठीला मागून कुणी दार ढकलल्यासारखं होतं, आणि हातातलं काम सुटतं.

आत्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. शिवी हासडली असती तर मी सुटले असते. परवा शेंगा फोडता फोडता मीच चिडून बोलले, "त्या दिवशी सोडलं असतं तर आज तुम्ही इथं नसता, आत्या."

त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"नसते," त्या म्हणाल्या. "पर त्याच्या संगं कुणीतरी गेलं असतं. एकटंच गेलं गं ते."