पदरभर छगन

लष्करातून सुटून आलेल्या भटूच्या हातात चित्रकला होती. पण सुरतेत तिचं चीज काय झालं, तर उधन्याच्या छपाई-कारखान्यात साड्यांवरची फुलं! तेही एक वेळ चाललं असतं. पण ब्याण्णवच्या सुमारास कारखान्याच्या शेठच्या डोक्यात चित्रकथा छापायचं खूळ शिरलं आणि भटूच्या वाट्याला लढाया आल्या. त्याही कशा, तर शंभर मेले तरी हिरोचा भांग विस्कटायचा नाही. खंदकातला वास ज्याच्या नाकात बसलाय, त्याने असलं थोतांड लिहायचं नि रंगवायचं? शी! भटूला स्वतःच्या हाताची शिसारी यायची.

एकदा मात्र त्याने हट्टाने खरी गोष्ट केली. लढाईत शेजारी गोळी लागून पडलेल्या छगनची, आणि त्याला खांद्यावर घेऊन मागे आलेल्या स्वतःची. कारण छगनची आई, सरलाबाई, सुरतेतच डिंडोलीत भटूच्याच गल्लीत धाकट्या मुलाकडे राहायची. छगनचा एकुलता एक फोटो गावी वाळवीने खाल्ला होता. "मना छगननं तोंडच याद येत नही रे, भाऊ," म्हातारी म्हणायची. नुसता चेहरा काढायला बसलं की भटूला जमायचं नाही. लढाईचा तो अख्खा दिवस चितारला, तेव्हाच छगन कागदावर उतरला. पुस्तक आलं की पहिलं तुलाच, असा शब्द त्याने म्हातारीला दिला.

पुस्तक छापून आलं आणि भटूने ते उघडलं. शेठला लढाई ओकीबोकी वाटली होती. मग त्याच्या कारागिरांनी साडीवर करतात तेच केलं: एक बुट्टी उचलायची नि पदरभर पेरायची. छगनचा चेहरा उचलून त्यांनी शत्रूच्या सगळ्या प्रेतांवर छापला. भटूच्या खांद्यावरचा छगन काढून टाकला, भटूच्या हातात बंदूक दिली आणि त्यालाच प्रेतांच्या ढिगावर उभा केला.

"लडाईमां भीड तो जोइए ने, भटूभाई!" शेठ पान चघळत म्हणाला.

भटू त्याच्या टेबलावर थुंकला आणि नोकरी सोडून तडक घरी निघाला. पुस्तक म्हातारीच्या नजरेला पडू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण शेठने ते साड्यांच्या खोक्यांत फुकट वाटलं होतं, आणि धाकट्याने एक घरी आणलं होतं.

भटू पोचला तेव्हा सरलाबाई उंबऱ्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. "हाऊ मना छगन!" ती हरखून म्हणाली. मग बोट पुढे सरकलं. "हाऊ बी छगन. हाऊ बी." बोट चित्रातल्या भटूच्या बुटापाशी थांबलं. तिने अंगठा ओला केला आणि तो बूट चोळचोळ चोळला. निघेना. तेव्हा तिने वर बघितलं.

"तू त्यानी छातीवर काबरं उभा शे, भाऊ?"