बंड्यासाठी एक्स्टर्नल डॉक्टर

डॉक्टर हेलन यांनी आमचा बंड्या वाचवला. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही श्रेय मला द्याल! (देणार नाही म्हणा. पण आशा.)

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. इथे परदेशात, पेंडल हिलच्या घरात माझं ऐकणारा एकमेव प्राणी. एका सकाळी त्याने खाणं सोडलं. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोकम सरबतासारखी! जवळच्या व्हेटने रक्त तपासलं आणि चिठ्ठी दिली, "इंटर्नल मेडिसिन स्पेशालिस्टकडे न्या. आजच."

'इंटर्नल' ऐकताच मी सावध झालो. दहावी दोनदा दिलेला माणूस मी! इंटर्नलचे मार्क शाळा कसे खिरापतीसारखे वाटते, ते मला शिकवू नये. मला वीसपैकी अठरा होते आणि तरी मी दणदणीत नापास झालो.

स्पेशालिस्टच्या रिसेप्शनवर मी ठणकावलं, "नो इंटर्नल! वुई वाँट एक्स्टर्नल!"

"बाबा, स्टॉप! सो एम्बॅरसिंग!" लेक मैत्रेयी टेबलाखाली शिरायच्या बेतात.

"अरे, इंटर्नल म्हणजे आतले आजार," बायको म्हणाली. सुजाता वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे घरातलं सगळं ज्ञान तिच्याकडे. "रक्त, लिव्हर, किडनी. इतर व्हेटना उलगडत नाही ते या डॉक्टर हेलन शोधतात. व्हेट झाल्यावर पुन्हा काही वर्षं शिकून बोर्ड पास झाल्यात. बोर्ड! आठवतंय ना?"

आठवत होतं. फॉर्म भरायला घेतला.

मला वाटलं, एवढ्या मोठ्या डॉक्टर, मोठं मशीन लावतील. त्यांनी आधी लावले प्रश्न! कुठे फिरतो? औषध कुठलं? खातो काय?

"ओन्ली डॉग फूड!" मी छातीठोक सांगितलं. (सुजाता शेजारी होती. घरचं खाणं द्यायला तिची सक्त मनाई.)

"आणखी काही?"

"नथिंग!"

मैत्रेयी छताकडे बघू लागली.

डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. मग रक्ताचा थेंब स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहून आल्या. शांतपणे म्हणाल्या, "लाल पेशी फुटतायत. कांद्याने अशा फुटतात. कांदा नसेल, तर त्याचं शरीरच त्यांना मारतंय. मग आजच कडक औषधं सुरू करावी लागतील, आणि ती त्रासदायक आहेत. खरं सांगा."

टेबलावर बंड्याने माझ्याकडे बघून शेपूट एकदाच हलवली. तेवढीच ताकद उरली होती.

"लिटल कांदाभजी," मी म्हणालो.

"किती लिटल?"

"मी चार, तो चार. रोज आर्वोला, म्हणजे दुपारी. आठवडाभर."

"डॉक्टर पोटातलं शोधतायत," सुजाता कडाडली, "आणि हा पोटातच ठेवून बसलाय! कुत्र्या!"

बंड्याने कान टवकारले. तिचा रोख माझ्याकडे होता.

दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी बंड्याने डॉक्टरांचा हात चाटला. मी रडलो. वर डॉक्टर सुजाताला म्हणतात कशा, "तुमच्या मिस्टरांचं उत्तर सगळ्यात उपयोगी ठरलं. त्यामुळे चुकीची औषधं टळली." नो वरीज, म्हणे! इतक्या शिकलेल्या बाईने मला पास केलं, ही बातमी मी गावी फोन करून सांगितली. (प्रश्न कुठला होता, ते सांगितलं नाही.)

हे उपकार एक दिवस फेडणार. डॉक्टर हेलनना पुन्हा रक्त लागलं, तर मी हजर! कुत्र्याचंच लागतं म्हणे. पण सुजाताचं निदान बरोबर असेल, तर माझं जुळायला हरकत नाही.