बाराशे बाटल्यांचा अंदाज

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण मोर्शीकडच्या एका माणसासाठी मी कोर्टात मागून घेतलेली पोलीस कोठडी काही विसरता येत नाही. नावं देत नाही. ती माणसं आजही त्याच तालुक्यात राहतात.

तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी आटोपत असताना संत्र्याचा एक मोठा बागायतदार फिर्याद घेऊन आला. धाकट्या साडूबरोबर त्याने संत्र्याच्या सरबताचा कारखाना काढला होता. भांडवल याचं, काम साडूचं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामात मोठी ऑर्डर आली, म्हणून रोज हजारऐवजी बाराशे बाटल्या काढायचं ठरलं. हंगाम संपला तेव्हा खर्च अंदाजापेक्षा साडेसात लाखांनी जास्त झाला होता.

"एका बाटलीले किती लागते ते मले पाठ आहे साहेब," तो म्हणाला. "त्याले बाराशेनं गुणलं. वरचे पैसे गेले कुठं? त्यानंच खाल्ले."

मी लगेच गुन्हा नोंदवला नाही. पण दोनच दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला की साडू आठवड्यातून दोनदा गाडी भरून अकोल्याला माल पाठवत होता. हवालदाराने चौकशी केली. गाड्या खरोखरच गेल्या होत्या. मग न्यासभंगाचा, म्हणजे विश्वासाने सोपवलेला पैसा खाल्ल्याचा, गुन्हा दाखल करून मी त्याला अटक केली आणि तीन दिवसांची कोठडी घेतली.

माणूस पन्नाशीचा, हातांना सालीचा पिवळा डाग बसलेला. मी विचारलं, "पैसे कुठे गेले?"

"कामात गेले साहेब."

"कामात म्हणजे कुठे?"

"मले तसं सांगता येत नाही. मी माल काढून राहिलो होतो. लागलं ते आणलं. बिलं आहेत."

"आणि अकोल्याच्या गाड्या?"

"इथं ठेवायले जागा नव्हती. तिथं कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेतलं."

बिलं मी पाहिली होती. खोटी बिलं करणारे मी खूप पाहिले असल्यामुळे हीही खोटीच, असं मनाशी धरलं होतं. चोराकडे उत्तर तयार असतं, हा माझा अनुभव. याच्याकडे धड उत्तर नव्हतं, तरी मी त्याला चोरच समजलो. आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी ठाण्यात आली. अमरावतीला कॉमर्स शिकत होती, तिवशाच्या एका घरी तिची सोयरीक ठरली होती. बापाला भेटायचं आहे असं ती म्हणाली नाही. बिलांची फाइल मागितली आणि माझ्यासमोर वहीत तीन रकाने आखले.

"साहेब, शेडचं भाडं न् लायसन, एक बाटली निघो का हजार, तेवढंच. संत्री, साखर, बाटली, हे मात्र जेवढ्या बाटल्या तेवढं वाढते. मावसाजीनं सगळंच असं बाटलीमागं धरलं. पण हे तिसरं पाहा, हे जिन्यासारखं आहे. एका बॉयलरवर दिवसाले हजारच निघतात. त्याच्यावर एक जरी काढायची म्हटली तरी दुसरा बॉयलर लागते, दुसरी पाळी, दुसरा ऑपरेटर, दुसरं कोल्ड स्टोरेज. दोनशे बाटल्यांसाठी अख्खी पायरी चढावी लागली. अंदाजात ती पायरीच नाही."

तिने बेरीज केली. साडेसात लाखांना काही हजार कमी पडत होते. ते डिझेलच्या पावत्यांत निघाले.

मी स्वतः अकोल्याला गेलो. कोल्ड स्टोरेजच्या रजिस्टरला प्रत्येक गाडीची नोंद होती, आत गेलेली आणि ऑर्डरवर बाहेर निघालेली. बॉयलर भाड्याने देणाऱ्याने जबाब दिला. एक पेटीही कमी नव्हती.

फिर्यादीला बोलावून सगळं दाखवलं. "मंग पैसे कोणं खाल्ले?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही."

"ऑर्डर तं मीच घ्या म्हटलं होतं," तो पुटपुटला, आणि भर ठाण्यात रडायला लागला. वाईट माणूस नव्हता. गुणाकार बरोबर होता, म्हणून त्याला माणूस चुकीचा वाटला.

आरोपीला सोडलं. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. कागद नीट झाले. पण तोवर तिवशाहून निरोप आला होता, सोयरीक मोडली.

साध्या कपड्यांत मी त्या घरी गेलो. समरीची प्रत दाखवली, दोनशे बाटल्यांचा खर्च समजावला. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला.

"साहेब, तुमी म्हणता ते खरंच असंल. पण पोरीच्या बापाले पोलिसानं गाडीत घालून नेलं, हे साऱ्यानं पाह्यलं. आता आमी कोणाकोणाले समजावत बसू?"

परत येताना मी मुलीच्या घरी थांबलो. तिला खरं ते सांगितलं.

"त्यांले हिशेब समजला का?" तिने विचारलं.

"समजला."

"समजला, तरी नाही म्हणाले." एवढंच बोलून ती आत गेली. तिचा बाप ओट्यावर बसला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी आले, मोठी गोष्ट आहे." यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

कारखाना बंद पडला. दोघा साडूंच्या बायका, त्या सख्ख्या बहिणी, पुढे आईच्या तेराव्यालाही एकमेकींशी बोलल्या नाहीत, असं कानावर आलं.

पैसा कमी पडला की कोणीतरी तो नेलाच असणार, असं आपण धरून चालतो. आता नवे अधिकारी काही विचारायला येतात तेव्हा सांगतो, आरोपी शोधायच्या आधी गुन्हा घडला का ते पाहा. वाढलेल्या दोनशे बाटल्यांसाठी नवीन काय काय लागलं, एवढं मी पहिल्या दिवशी फिर्यादीला विचारायला हवं होतं. एवढी नोकरी झाल्यावर हे मला शिकावं लागलं, आणि त्याची किंमत मात्र भरली ती त्या मुलीने.