वर बघ म्हणेपर्यंत

मुलगी दाखवायची कशी, हे बयाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. कवठे महांकाळकडच्या तिच्या वाडीत तिनं बहिणी दाखवल्या होत्या, पुतण्या दाखवल्या होत्या. पाहुणे नाक मुरडत यायचे आणि सुपारी फोडून जायचे, अशी तिची ख्याती. त्यामुळे स्वीडनचं एक कुटुंब हरणीला भेटायला येतंय असं अंजनाबाईंनी सांगितलं, तेव्हा तिनं लगेच पदर खोचला.

अंजनाबाई म्हणजे कराडच्या त्या बालगृहाच्या प्रमुख, आणि बयाबाई तिथली स्वयंपाकीण. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, पाठोपाठ नवरा गेला, तेव्हा ती गाठोडं घेऊन इथं आली. हरणीही त्याच साली आली. खडी फोडायच्या कामावर तिची आई बसल्या जागी गेली आणि मुकादमानं पोर इथं आणून सोडली. ती कुणाजवळच झोपेना. शेवटी बयाबाईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली, आणि तेव्हापासून ते टोक तिचंच झालं.

आता पोर नऊ वर्षांची झाली होती. नऊ वर्षांची पोर दत्तक कोण घेतो? येणाऱ्यांना तान्हं हवं असायचं. तरी दोनदा पाहुणे हरणीला बघून गेले होते. दोन्ही वेळा ही टकामका त्यांच्या तोंडाकडं बघत बसली. एकांना तर तिनं "तुमचा दात सोन्याचा हाय का?" असं विचारून घेतलं. कळवतो म्हणून गेले ते गेलेच. अंजनाबाई म्हणायच्या, वय आडवं आलं. बयाबाईच्या मते आडवी आली पोरीची नजर. आणि आता हेही स्थळ मोडलं, तर हरणी सांगलीच्या मोठ्या मुलींच्या वसतिगृहात जाणार होती. तिथं लेक शोधत कुणी जात नाही.

"अहो, शोधायचं काही राहिलेलंच नाही," अंजनाबाई पुन्हापुन्हा सांगत होत्या. "कोर्टाचं सगळं झालंय. ते आता तिला फक्त भेटायला आणि न्यायला येतायत."

बयाबाईनं मान हलवली, पण पटलं काही नाही. न बघता कुणी सून नेत नाही, लेक कशी नेईल? शिकलेल्या माणसांना व्यवहार कळत नाही, एवढंच तिनं त्यातून घेतलं.

तिनं हरणीला खणाचं परकर-पोलकं घातलं, चापूनचोपून वेणी घातली, तिच्या डोक्यावरून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा पदरासारखा घातला आणि बजावलं, "मान खाली. इचारलं तर बोलायचं. आन् मी वर बघ म्हणंपतूर वर बघायचं न्हाई. दोनदा बघून काय झालं ते ध्येनात हाय न्हवं?"

"व्हय आक्का," हरणी म्हणाली.

पाहुणे आले. उंच साहेब, त्याची बायको आणि त्यांची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, वाळल्या गवताच्या रंगाच्या केसांची. अंजनाबाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या. आतून हरणी पोह्यांचं ताट घेऊन आली. हनुवटी छातीला टेकलेली. तिनं ताट ठेवलं आणि वाकून गोऱ्या बाईच्या पायांवर डोकं ठेवलं. बाईनं चटका बसल्यासारखे पाय मागं घेतले. बयाबाईनं ते हेरलं. पाया पडून घेत नाही म्हणजे नातं नको!

हरणी पाटावर बसली. ती बाई काही विचारीना. नाव नाही, गाव नाही, नुसती बघत बसली. मग मुलीकडच्यांनीच तोंड उघडायचं असतं, म्हणून बयाबाई पुढं झाली.

"भाकरी करती, सारवती, शेरडाची धार काढती. पायावर खडीचा वण हाय, त्यो आत्ताच सांगून ठेवते. मागनं बोल नगं."

"बयाबाई, हे काय लग्नाचं आहे का?" अंजनाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आवं बाई, पोर परक्या घरात जायाची म्हंजे दुसरं काय असतंय?"

हे पाहुण्यांना इंग्रजीत कसं सांगावं, ते अंजनाबाईंना मुळीच सुचेना.

तेवढ्यात गोरी बाई खुर्चीवरून उठली आणि सरळ हरणीसमोर फरशीवर बसली. पाहुणी खाली आणि पोर पाटावर! बयाबाई धावत दुसरा पाट घेऊन आली, तर बाई हातानंच नको म्हणाली. ती वाकून पदराखाली बघू लागली, तशी हरणी आणखी वाकली. मग ती आणखी वाकली, ही आणखी. दोघींची डोकी फरशीला लागायचीच काय ती बाकी होती. गोऱ्या मुलीला हसू फुटलं, पण आईचे डोळे भरलेले बघून ती गप्प झाली. नवरा-बायको आपसात काहीतरी बोलले, उद्या सकाळी येतो म्हणाले आणि उठले. अंजनाबाई त्यांना डाकबंगल्यावर पोचवायला गेल्या. पोह्यांना कुणी हातही लावला नव्हता.

"मोडलं," बयाबाई चुलीपाशी पीठ मळायला बसत म्हणाली. खरं सांगायचं तर वाईट वाटता वाटता तिला हलकंही वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

हरणी जवळ येऊन बसली. "आक्का, ती बाई दिसाय कशी हाय गं?"

"कशी म्हंजे? तुज्याम्होरंच बसलीवती की."

"मी कुठं बघितली? तू म्हणंपतूर वर बघायचं न्हवतं. तू म्हणलीच न्हाईस." हरणीनं चुलीत एक काडी सारली. "पाय तेवढं बघितलं. लय मोठं हायती. जोडवी न्हाईत. टाचंला फोड आलाय, चप्पल चावली आसंल. हळद लावाय कुणी सांगितलं का तिला?"

बयाबाईचे हात पिठात तसेच राहिले. पाहुणे टेकले की घडीभरानं मोठ्या बाईनं 'वर बघ बाळ' म्हणायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. एवढ्या पोरी दाखवल्या, एकदाही चुकलं नव्हतं. आजच कसं चुकलं? विसरले म्हणावं तर जीभ वळेना, आणि मुद्दाम केलं म्हणावं तर तेही खरं वाटेना.

अंजनाबाई परतल्या त्या डोक्याला हात लावूनच. "आता काय करायचं सांगा. त्यांना वाटतंय, मुलीलाच यायचं नाही. मुलगी आपलं तोंडसुद्धा बघत नाही म्हणून ती बाई वाटभर रडली. उद्याही अशीच वागली तर जबरदस्तीनं न्यायचं नाही, म्हणतायत."

"म्हंजे त्यांनी नापसंत न्हाई केली?"

"पसंत-नापसंत काय बयाबाई? एक फोटो बघून तिला आपली म्हणून बसलेत ते. तिची खाटसुद्धा घालून ठेवलीय घरी."

"न बघता?"

"न बघता."

बयाबाईला काही सुधरेना. असली माणसं तिनं पाहिली नव्हती. भाकरी येते का विचारलं नाही, वण दाखव म्हटलं नाही, आणि खाट घालून बसली! चांगली म्हणावी की येडी?

सकाळी ती माणसं पुन्हा आली. आज पाट नव्हता की पोहे नव्हते. हरणी मात्र मान खाली घालूनच उभी होती. एका मुठीत बयाबाईच्या पदराचं टोक, दुसऱ्या हातात कसलीशी वाटी. गोरी बाई उंबऱ्यापाशीच थांबली, आत यावं की नको अशी. सगळे हरणीकडं बघत होते आणि हरणी फरशीकडं.

बयाबाईनं नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की पोर सांगलीला. एस्टीत बसलं की भेटता येईल, सणाला पुरणपोळी नेता येईल. कुणी तिला बोल लावणार नव्हतं. स्वीडनला कुठली एस्टी जाते?

"हरणे," ती म्हणाली, "वर बघ."

हरणीनं वर बघितलं, ते बयाबाईकडंच.

"माज्याकडं न्हवं गं," बयाबाई म्हणाली, आणि पोरीची हनुवटी धरून तिनं आपल्या हातानं तिचं तोंड दाराकडं वळवलं.

हरणी बघत राहिली, पूर्वीसारखी टकामका. "आक्का, हिचं डोळं मांजरावानी हायती," ती म्हणाली. मग वाटीत बोट घालायचं म्हणून तिनं मुठीतला पदर सोडला आणि उंबऱ्यापाशी जाऊन उकिडवी बसली. वाटीत हळद होती, तेलात कालवलेली. तिनं बोटभर उचलून गोऱ्या बाईच्या टाचेला लावली. या वेळी बाईनं पाय मागं घेतला नाही.

पदराचं टोक मुठीच्या जागी चुरगळलेलं होतं. बयाबाईनं ते सारखं केलं नाही.