कपाटातला रिमोट

मळमड्डी भागातले आमच्या शेजारचे साहेब बोलत नाहीत, हुकूम सोडतात. निवृत्त होताना ऑफिसची खुर्ची तिथेच राहिली, ऐट तेवढी घरी आली. भाजीवालीवर कन्नडमध्ये डाफरायचं, घरात मराठीत. पाणी हवं असलं की पेपरातून मान वर न काढता नुसतं "अगं!" म्हणतात. पुढचं वहिनींनी ओळखायचं.

मुलाने बेंगळुरूहून आवाजावर चालणारा स्पीकर पाठवला. तो टीव्हीला जोडताना बघायला साहेबांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. जोडून झाल्यावर मोबाइलवर प्रश्न आला, घरातल्या आणखी कुणाचा आवाज नोंदवायचा? वहिनी दारातच उभ्या होत्या.

"हिचं काय काम?" म्हणत साहेबांनी 'नाही' दाबलं. मग रिमोट कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. रिमोट वापरणं म्हणे आता अडाणीपणाचं.

तेव्हापासून वहिनी त्यांची कन्नड मालिका बघायला आमच्याकडे येतात. काल मालिका ऐन रंगात आली असताना भिंतीपलीकडे साहेब इंग्रजीत ओरडू लागले. यंत्र ऐकत नव्हतं. हळूहळू आवाज उतरला, आणि चक्क "प्लीज, प्लीज" सुरू झालं. इतक्या वर्षांत माणसाशी बोलताना हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

तरीही टीव्ही लागला नसावा, कारण पाठोपाठ जुनी हाक आली, "अगं!"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"अक्का," त्या म्हणाल्या, "आवाज जरा वाढवा की."