भिजवलेली चाकं

नवा जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमची तुकडी उदगीरला होती. बारा जवान, तीन टँकर, काम पाणी वाटण्याचं. मी वर्कशॉपचा हवालदार. पहाटे पाचला टँकर निघत, दुपारी एकला परतत. शत्रू कुठे नव्हता, रांग होती.

नव्या जिल्ह्याच्या मिरवणुकीत मोठ्या पाहुण्यांना बसवायला आमच्या मेजरसाहेबांनी एका जुन्या जहागीरदाराची उघडी मोटार मिळवली. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं. जॅक लावून चाक हलवलं तर आरे मधल्या तुंब्यात, हबमध्ये, खडखडले. लाकूड वाळून आक्रसलं होतं. बैलगाड्या बनवणाऱ्या रहीमचाचांना बोलावलं. त्यांनी आऱ्यांवर बोट वाजवून पाहिलं.

"भिजवा. दोन-तीन घंटे ताठ ऱ्हातील, नवरदेवावानी. पुढचं मी न्हाई सांगत."

नवे आरे बसेपर्यंत गाडी अनफिट, असा रिपोर्ट मी दिला. साहेबांनी वाचून स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला.

"मिरवणूक आठला. साडेआठला संपेल. भिजव."

"राइट सर."

आदल्या संध्याकाळी चारही चाकं हौदात घातली, त्यावर अर्धा टँकर सोडला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आधी चाकाला पाज बाबा. आमी कुठं पळून चाललो."

सकाळी सहाला चाकं घट्ट होती. मी फिट लिहून सही केली. ड्रायव्हर नाईक गौतम कांबळे, हिमायतनगरचा, घरातला पहिला नोकरदार. साहेबांनी आऱ्यांवर झेंडूच्या माळा बांधून घेतल्या. त्या झेंडूला पाणी कुणी घातलं, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

आठला पाहुणे आले नाहीत. दहाला मी चाकं पुन्हा भिजवायची परवानगी मागितली. फुलं खराब होतील, असं उत्तर मिळालं. पाहुणे अकरा चाळीसला आले. त्यांनी उघडी मोटार पाहिली, ऊन पाहिलं आणि छपराच्या गाडीत बसले.

"मोटार रिकामी जाऊ दे," साहेब म्हणाले. "पुढं शोभेल."

मी कांबळेला म्हणालो, "उतारावर पहिला गिअर. वळण मोठं घे."

"हाव साब. चाक निघालंच तर खांद्यावर घेऊन येतो."

मी मागच्या जीपमध्ये, वायरलेस सेटवर. बारा वाजून पाच मिनिटांनी किल्ल्याच्या उतारावर सेट साहेबांच्या आवाजात बोलला, "पुढची गाडी, वेग वाढवा. ओव्हर."

कांबळेनं मागं वळून पाहिलं. मी हातानं पुढं जायची खूण केली.

वळणावर उजव्या पुढच्या चाकाचे आरे हबमधून निसटले. माळ शाबूत होती. मोटार उजवीकडे, त्याच्याच अंगावर उलटली. आठ जणांनी ती उचलली. चार मिनिटं लागली. तोवर तो गेला होता.

चौकशीत ड्रायव्हरचा ताबा सुटला असं ठरलं. माझा पहिला रिपोर्ट सापडला नाही. फिटचा कागद फाइलमध्ये होता.

त्याची ट्रंक घेऊन मी हिमायतनगरला गेलो. त्याच्या आईनं मला पाणी दिलं, मग विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"मोठे पाहुणे."

"वाचले का?"

"वाचले," मी म्हणालो.

तिनं ते शेजारणीला मोठ्यानं सांगितलं.